शिवनेरीच्या कातळातले यवन

शिवनेरीवर येणारी माणसं शिवाईदेवीपाशी थांबतात, शिवजन्मस्थानाच्या उंबऱ्यावर माथा टेकवतात, गंगा-जमना टाक्यांचं पाणी डोळ्यांना लावतात आणि उतरतात. याच डोंगराच्या कड्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली बौद्ध लेणी आहेत. तिकडे वळणारे थोडे. तिथल्या एका शिलालेखात मोजून पाच-सहा शब्दांचा मजकूर आहे: गत लोकांपैकी यवन इरिल याचं दान, दोन पोढी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. शिवनेरीवरच दुसऱ्या एका लेखात चिट नावाचा यवन भेटतो. त्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. जुन्नर गावाच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. तिथल्या भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने करवून घेतला.

पाणी, जेवणाची जागा आणि दरवाजा. परक्या मुलखातून आलेल्या तीन माणसांनी जुन्नरला एवढं दिलं आणि आपलं नाव खाली लिहून ठेवलं. सातवाहनकाळाचा इतिहास आपण राजांच्या लढायांतून वाचतो. मला तो या तीन ओळींतून वाचावासा वाटतो, कारण या काळात ग्रीक जग आणि सह्याद्री यांची गाठ कशी पडली, हे त्यांच्याइतकं जवळून दुसरं काही सांगत नाही.

हे यवन कोण? तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि समोरच्या सामोस, खिऑस या बेटांवर राहणारे ग्रीक स्वतःला आयोनियन म्हणवत. इराणी साम्राज्याने सगळ्याच ग्रीकांना ते नाव दिलं आणि तिथून ते आपल्याकडे आलं. अशोकाच्या लेखांत ते ‘योन’ आहेत. पुढे सिकंदराच्या मागे राहिलेल्या ग्रीकांनी बाल्ख आणि गांधारात राज्यं केली, तेही यवनच. आणि मिसरमधल्या बंदरांतून जहाजं घेऊन भडोचला येणारे व्यापारीही यवनच. जुन्नरचे तिघे यातल्या कुठल्या शाखेचे, यावर विद्वानांत एकमत नाही. ‘गत’ म्हणजे गॉथ, असंही कोणी मांडून पाहिलं. ते फारसं कोणाला पटलेलं नाही.

आजकाल पुण्या-मुंबईची पुष्कळ मराठी कुटुंबं सुट्टीत ग्रीसला जातात. सांतोरिनीची पांढरी घरं, मिकोनॉसच्या पवनचक्क्या, रोड्सचा कोट आपल्या घराघरांतल्या फोटोंत येऊन बसले आहेत. मिकोनॉसहून होडीने अर्ध्या तासावर डेलॉस नावाचं एक लहान, उजाड बेट आहे. अपोलो देवाचं जन्मस्थान म्हणून ते पवित्र. इतकं पवित्र, की इ.स.पू. ४२६मध्ये अथेन्सने तिथल्या कबरी उकरून हलवल्या आणि बेटावर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये, असा नियम केला. आजही पर्यटकांना तिथे रात्री राहता येत नाही. संध्याकाळच्या आत होडी पकडावी लागते. जुन्नरचा माणूस तिथे गेला तर त्याने तासभर जास्त थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच्या गावाची जुनी ओळख तिथे उलगडते.

इ.स.पू. १६६च्या सुमारास रोमने डेलॉसला करमुक्त बंदर केलं आणि देवाच्या अंगणात बाजार भरला. इटलीच्या व्यापाऱ्यांनी चौक बांधला, बैरूतच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने आपली वास्तू उभी केली, सीरियाच्या देवीचं आणि मिसरच्या सेरापिसचं देऊळ झालं. ज्याचा माल आला त्याचा देवही आला, आणि प्रत्येकाने दिलेल्या देणगीचा लेख दगडावर घातला. धर्मस्थळाभोवती व्यापार आणि व्यापाऱ्यांच्या दानावर धर्मस्थळ, ही घडी जुन्नरमध्येही बसलेली दिसते. फरक काळाचा. इ.स.पू. ८८मध्ये पाँटसच्या मिथ्रिदातीस राजाच्या सैन्याने डेलॉसवर कत्तल केली, इ.स.पू. ६९मध्ये चाच्यांनी ते पुन्हा लुटलं आणि बेट उठलं ते कायमचं. साधारण त्याच शतकात जुन्नरच्या पश्चिमेला तुळजा लेण्यात बारा अष्टकोनी खांबांचं ते अप्रतिम गोल चैत्यगृह खोदलं जात होतं. एक बाजार मोडत असताना दुसरा वाढत होता, आणि दोघांमधलं अंतर कापणारा समुद्री रस्ता नुकताच मोकळा झाला होता.

त्या रस्त्याची गोष्ट स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने पॉसिडोनियसच्या हवाल्याने नोंदवली आहे. तांबड्या समुद्राच्या काठावर पहारेकऱ्यांना एका जहाजात अर्धमेला झालेला एक हिंदी माणूस सापडला. त्याची भाषा कोणालाच येईना. त्याला मिसरच्या टॉलेमी राजाकडे नेलं आणि ग्रीक शिकवलं. बोलता येऊ लागल्यावर त्याने सांगितलं, की हिंदुस्थानातून निघालो, वाट चुकलो, सोबतचे सगळे उपाशी मेले. मला परत न्या, मी रस्ता दाखवतो. युडॉक्सस नावाचा दर्यावर्दी त्याच्याबरोबर निघाला आणि सुगंधी द्रव्यं आणि रत्नं घेऊन परतला. हे घडलं इ.स.पू. ११८च्या आसपास. त्या हिंदी खलाशाचं नाव ग्रीकांनी लिहून ठेवलं नाही याची मला फार रुखरुख वाटते. आपल्याकडच्या भिक्षूंनी इरिलाचं नाव लिहू दिलं होतं.

मोसमी वाऱ्यांची वाट आपल्या आणि अरबस्तानच्या खलाशांना आधीपासून माहीत होती. ती ग्रीकांना कळली, आणि इ.स.पू. ३०मध्ये मिसर रोमच्या ताब्यात गेल्यावर व्यापाराला उधाण आलं. मायोस होर्मोस या एकाच बंदरातून दरसाल १२० जहाजं हिंदुस्थानकडे निघतात, असं स्ट्रेबो सांगतो. जहाजं जुलैच्या सुमारास मिसर सोडत, नैर्ऋत्य वाऱ्याच्या जोरावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि वारा फिरला की परतत. येणं-जाणं एकतर्फी नव्हतं. इ.स.पू. २०च्या हिवाळ्यात सम्राट ऑगस्टस सामोस बेटावर मुक्कामाला असताना एका हिंदी राजाचं शिष्टमंडळ तिथे पोचलं. त्यांनी आणलेले वाघ ग्रीक-रोमनांनी पहिल्यांदाच पाहिले. या मंडळात भडोचचा एक श्रमण होता. पुढे अथेन्समध्ये त्याने स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केलं आणि तिथे त्याची समाधी बांधली गेली. भडोच म्हणजे त्यावेळचं भरुकच्छ. हे नाव लक्षात ठेवायचं. जुन्नरच्या दगडावर ते पुन्हा येणार आहे.

किनाऱ्यावर उतरलेला माल घाटमाथ्यावर यायचा तो नाणेघाटाने. सोपारा आणि कल्याणहून निघालेले तांडे वैशाखरे गावापाशी डोंगराच्या पायथ्याला लागत आणि दाट झाडीतून, दगडी फरसबंदीच्या चढणीने वर येत. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन करून तो अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची यादी देतो. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, महारठी यांच्या प्रतिमा होत्या. आता नावं उरली आहेत आणि काही ठिकाणी नुसती पावलं. वर खिंडीतून बाहेर पडलं की तो दगडी रांजण. जकातीचा रांजण म्हणूनच सगळे त्याला ओळखतात. घाटघरावरून पुढे कुकडीच्या खोऱ्यात उतरलं की जुन्नर. मग जुन्नरहून पैठण, पैठणहून तेर.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे प्रवासपुस्तक या मुलखाची माहिती देतं. भडोचहून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, पैठणहून तगर म्हणजे तेर पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. उलट बाजूने भडोचला उतरायची ती इटलीची आणि लाओदिकेची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं. जुन्नरचं नाव या पुस्तकात नाही. पंडित भगवानलाल इंद्रजींना एकेकाळी जुन्नर म्हणजेच तगर असावं असं वाटलं होतं. पुढे अभिलेखांचा अभ्यासक फ्लीट याने तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे दाखवून दिलं. पुस्तकात नसलं तरी जुन्नरने स्वतःची कागदपत्रं कातळावर सोडली आहेत, आणि ती पुरेशी बोलकी आहेत.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा इथे मिळून दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. एका गावाच्या अवतीभवती एवढी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. त्यांत अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत, वेरूळसारखं शिल्पवैभव नाही, म्हणून प्रवासी निराश होतात. पण दानलेख वाचत फिरलं की गाव जिवंत होतं. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं. अष्टविनायकांतल्या गिरिजात्मजाला जाणारा भाविक त्याच्या शेजारून रोज जातो. शिवनेरीवर गृहपतींचा प्रमुख वीरसेनक याने चैत्यगृह दिलं. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. बांबूकाम करणारे आणि कासारकाम करणारे यांच्या श्रेणींकडे लोक रक्कम ठेवत आणि तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चाले. भडोचच्या अससमाचे दोन मुलगे बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित यांनी दोन खोल्यांचं लेणं खोदवलं. आदुथुम नावाच्या शकाने वडालिका गावातल्या वीस निवर्तनं जमिनीचं उत्पन्न करंजाची झाडं लावायला आणि दुसऱ्या एका गावातल्या नऊ निवर्तनांचं उत्पन्न वडाची झाडं लावायला दिलं, आणि त्याची व्यवस्था एका श्रेणीकडे सोपवली. मध्य आशियातून आलेल्या जमातीचा माणूस मावळात करंज लावायची सोय करतो, या एका नोंदीसाठी मी मानमोडीचा चढ कितीही वेळा चढेन.

या यादीत इरिल, चिट आणि चंद बसतात, वेगळे पडत नाहीत. त्यांचे लेख प्राकृतात आहेत, ब्राह्मी लिपीत आहेत, आणि ‘देयधम्म’ म्हणजे धर्मदान हा शब्द शेजारच्या कल्याणच्या किंवा भडोचच्या दात्याने वापरावा तसाच त्यांनी वापरला आहे. ग्रीक अक्षर एकही नाही. म्हणून हे लोक हंगामापुरते आलेले नसावेत असं माझं मत आहे. वारा फिरला की जहाजात बसायचं आहे, तो माणूस डोंगरात टाकी खोदवत नाही. कातळ फोडून टाकं खोदायचं म्हणजे पाथरवट ठरवायचे, त्यांचा शिधा पाहायचा, महिनोन्‌महिने काम चालवायचं. ते पाणी कोणाला लागणार? पावसाळ्याचे महिने वर्षावासासाठी लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच भिक्षूंच्या आसऱ्याला येणाऱ्या वाटसरूंना. शिवनेरीच्या कड्यावर उन्हाळ्यात पाण्याची काय किंमत आहे, हे इरिलाला नेमकं कळलं होतं. ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

असे यवन एकट्या जुन्नरला नाहीत. मावळात कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब धेनुकाकट गावच्या दात्यांनी दिले, आणि त्यांत सिंहध्वज, यशोवर्धन अशी नावं धारण करणारे यवन आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचं लेणं दात्तामित्री गावच्या धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवलं. तो आपल्याला ‘उत्तरेकडचा योनक’ म्हणवतो आणि मुलगा धर्मरक्षित याचं नाव पुण्यात सामील करून घेतो. श्रीलंकेच्या ‘महावंस’ ग्रंथात, अशोकाच्या काळी अपरांतात म्हणजे आपल्या कोकणपट्टीत धर्मप्रसाराला पाठवलेला थेर योन धम्मरक्खित होता, असं लिहिलं आहे. कोकणात बुद्धाचा उपदेश घेऊन आलेला तो भिक्षूच ग्रीक वंशाचा होता, असं परंपरा मानते. सोपाऱ्याला १८८२मध्ये भगवानलालांना स्तूप आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तिथून जुन्नरपर्यंतची वाट मग मनात जोडून पाहता येते.

या वाटेवर सतत शांतता होती असं मात्र नाही. पेरिप्लसचा लेखक सांगतो, की थोरल्या सातकर्णीच्या काळी कल्याण हे रीतसर बंदर होतं. पुढे सत्ता बदलली आणि आता कोणी ग्रीक जहाज चुकून तिकडे गेलं तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. भडोच होतं क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाच्या राज्यात. शक आणि सातवाहन यांच्या भांडणात बंदरं हे हत्यार होतं. नाणेघाट ज्याच्या हाती, त्याला कल्याण उघडं हवं. भडोच ज्याच्या हाती, त्याला ते बंद हवं. काही काळ जुन्नरही नहपानाकडे गेलं. मानमोडीवरचा एक लेख त्याची साक्ष देतो: राजा महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने पोढी आणि मंडप दिला, वर्ष ४६. हे शकांचंच वर्ष मानलं तर इ.स. १२४ येतं, त्यावर वाद आहे. राज्य कोणाचंही आलं तरी दानाचा प्रकार तोच राहिला, पाणी आणि निवारा.

मग गौतमीपुत्र सातकर्णी उठला. त्याची आई बलश्री नाशिकच्या लेखात त्याला शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा म्हणते. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी मूळची नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उठवलेली. नहपानाच्या या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरांतही नाव आहे. एवढ्या युद्धानंतरही आईच्या प्रशस्तीतला ‘यवन’ आणि लेण्यातला यवन ही दोन वेगळी माणसं राहिली. रणांगणातल्या यवनाचं कोणी नाव ठेवलं नाही. लेण्यातल्या यवनांची नावं संघाने कातळावर राहू दिली, आणि पुढच्या कुठल्याही राजाने ती खरवडली नाहीत.

चंदाने केलेला मानमोडीचा दर्शनी भाग तर प्रत्येक मराठी माणसाने एकदा डोळे भरून पाहावा असा आहे. वर मोठी चैत्यकमान. तिच्या खालचा अर्धवर्तुळाकार पडदा कमळाच्या पाकळ्यांसारखा विभागलेला. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी, दोन्ही बाजूंच्या हत्तींनी सोंडेतून तिच्यावर पाणी धरलेलं. उरलेल्या पाकळ्यांत हात जोडलेले स्त्री-पुरुष. कमानीच्या वर एकीकडे नाग, दुसरीकडे गरुड. म्हणजे वास्तू बुद्धाची, दारावर लक्ष्मी, पहाऱ्याला नाग आणि गरुड, आणि खर्च करणारा यवन. लक्ष्मी ही व्यापाऱ्याची देवी, त्यामुळे चंदाने ती निवडली असेल. कोरणाऱ्याने सुचवलीही असेल. मला हा दरवाजा त्या शतकाचा सर्वांत खरा जाहीरनामा वाटतो. आतलं चैत्यगृह मात्र पूर्ण झालं नाही. स्तूपाचं काम अर्ध्यावर थांबलं आहे.

ग्रीक हात दख्खनमध्ये आणखी कुठे उमटला हे पाहायचं तर कोल्हापूरला जावं. १९४५च्या आसपास डेक्कन कॉलेजने ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन केलं. तिथे मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची सुरेख लहान मूर्ती होती. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. डेलॉसवर बैरूतच्या व्यापाऱ्यांनी ज्या देवाच्या नावाने मंडळ चालवलं, तोच हा देव. पंचगंगेकाठी त्याला कोणी पुजलं, की नुसती देखणी वस्तू म्हणून ठेवलं, कोण जाणे. पण तो समुद्र ओलांडून घाट चढला, हे नक्की.

तिसऱ्या शतकात रोमचा व्यापार रोडावला, सातवाहन गेले, आणि जुन्नरच्या लेण्यांतले नवे दानलेखही थांबले. लेणी ओस पडली नाहीत. लेण्याद्रीच्या विहारात गणपती आला, मानमोडीत एका गटाला अंबिकेचं नाव मिळालं, तुळजा लेण्यात तुळजाभवानी बसली. नाणेघाटाची वाट यादवांच्या आणि निजामशाहीच्या काळातही चालू राहिली. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले तिच्यावर नजर ठेवून आहेत. १८२८मध्ये कर्नल साइक्सने नाणेघाटाच्या लेखाची नोंद केली. पण ही अक्षरं खरी वाचती केली ती भगवानलाल इंद्रजींनी. १८८१मध्ये पुरातत्त्वज्ञ बर्जेसबरोबरच्या त्यांच्या पुस्तकात जुन्नरचे लेख एकत्र छापले गेले आणि इरिल, चिट, चंद यांची नावं इतक्या शतकांनी पुन्हा कोणीतरी उच्चारली.

२०१८मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. पावसाळ्यात नाणेघाटावर गाड्यांच्या रांगा लागतात, लेण्याद्रीच्या पायऱ्या चतुर्थीला माणसांनी भरतात. तिथे येणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा एक सोपा फेरा होऊ शकतो. पहिल्या दिवशी पहाटे वैशाखऱ्याहून नाणेघाट पायी चढायचा, रांजणापाशी विसावायचं, नागनिकेच्या लेखासमोर बसायचं आणि संध्याकाळी जुन्नरला उतरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा, मग लेण्याद्रीत सुलसदत्ताचं चैत्यगृह, दुपारनंतर मानमोडीला चंदाचा दरवाजा, आणि वेळ उरला तर शिवनेरीच्या लेण्यांत इरिलाच्या दोन पोढी. तिथे लेखाचं वाचन आणि मराठी अर्थ सांगणारी एक स्वच्छ पाटी लागायला हवी, आणि पाण्यात बाटल्या टाकणाऱ्यांना थांबवणारं कोणीतरी हवं.  इरिलाचं नाव तर त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, आपल्याला फक्त ते वाचून दाखवायचं आहे.